जाताना ११ तास, येताना ६?

बी-७०२ काकू: जानेवारीत लेकीकडे टोकियोला चाललेय. तिकिटावर दिल्लीहून रात्री ८ ला सुटून टोकियोच्या हानेडा विमानतळावर सकाळी ७ ला, म्हणजे ११ तास. येताना सकाळी ११ ला निघून दिल्लीत संध्याकाळी ५ ला, म्हणजे ६ तासच! येताना उतार लागतो का काय?

ए-१०४: काकू 😂 घाट नाहीये तो

सी-३०१ काका: तिकिटावर त्या त्या गावचं घड्याळ छापतात वहिनी. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. जाताना ११ मधून साडेतीन वजा करा, साडेसात. येताना ६ मध्ये मिळवा, साडेनऊ. येतानाच जास्त बसायचंय तुम्हाला.

बी-७०२ काकू: अगंबाई! अंतर तर तेवढंच ना?

सी-३०१ काका: अंतर तेवढंच, सरळ मोजलं तर सुमारे ५,८५० किमी. फरक वाऱ्याचा. वर पश्चिमेकडून पूर्वेला जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा झोत वाहतो, हिवाळ्यात जपानवर तर ताशी ३०० किमीच्याही पुढे जातो. जाताना पाठीशी, येताना तोंडावर. त्याचा शोधही जपानातच लागला. ओइशी वासाबुरो या हवामानशास्त्रज्ञांनी फुगे सोडून हे वारे मोजले आणि १९२६ साली अहवाल छापला तो एस्परँटो या मुद्दाम बनवलेल्या भाषेत! मग वाचणार कोण?

ए-१०४: काका रिटायर झाल्यापासून फॉर्मात 🙏 पण सरळ रेषा तिबेटवरून जाते, विमानं सहसा तिकडून नेत नाहीत. केबिनमधला दाब गेला तर श्वास घेता यावा म्हणून झटकन १० हजार फुटांवर उतरावं लागतं, आणि तिथे जमीनच १४-१५ हजार फुटांवर. म्हणून बरीचशी म्यानमारच्या बाजूने वळसा घालतात.

बी-५०३: टँकर आला का? ए विंगला पाणी नाही

सेक्रेटरी: १० मिनिटांत. विषयांतर नको.

डी-२०२ ताई: विषयांतर तुमचंच झालं 😄 काकू, दिल्ली-पुणे परतीचं किती वाजताचं?

बी-७०२ काकू: ७ चं. मध्ये दोन तास आहेत की.

डी-२०२ ताई: नाही पुरणार! इमिग्रेशन दिल्लीतच, बॅगाही तिथेच घेऊन कस्टममधून काढायच्या, मग पुन्हा टाकायच्या. त्यात वारा जोरात असला तर ५ चे साडेपाच होतील. आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पुढचं विमान चुकल्यावर पैसेही गेले.

बी-७०२ काकू: वेगवेगळीच आहेत गं. जावयांनी काढलंय एक, मी एक 🙈

सी-३०१ काका: रात्री १० चं घ्या. पुण्याला १२ ला उतराल.

बी-७०२ काकू: घेते. पण सेक्रेटरी साहेब, गेट साडेअकराला बंद करता ना?

सेक्रेटरी: वॉचमनला सांगून ठेवतो. तारीख टाका.