डुअल बूट: सी ड्राइव्हमधून काढलेली जागा उबुंटूला जोडताच येत नाहीये, मदत हवी आहे

सातारी_कंदी:

नमस्कार मंडळी, लॅपटॉप एक आणि वापरणारे दोन अशी आमच्याकडची गत आहे. विंडोज ११ वर माझं टॅली आणि जीएसटीचं काम चालतं, उबुंटू २४.०४ वर लेकीचं इंजिनिअरिंगचं प्रोजेक्ट. एसएसडी ५१२ जीबीची, विंडोजला ४७६ दिसते (ते १००० आणि १०२४ चं गणित माहितीये, त्यावर प्रतिसाद नकोत). ज्याने उबुंटू टाकून दिलं त्याने त्याला ४० जीबीच दिले आणि आता ते भरलेत, पायथनचं काही टाकायला गेलं की जागा नाही म्हणून मधेच थांबतं, परवा तर पासवर्ड टाकला की पुन्हा लॉगिनवरच येत होतं.

म्हणून सी छोटा करायला घेतला. २०० जीबी रिकामे असून श्रिंक व्हॉल्यूम ९ जीबीच्या वर जाईना. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल आणि रिस्टोअर पॉइंट मधेच ठाण मांडून बसलेले असतात आणि विंडोज चालू असताना ते हलत नाहीत म्हणे. तिन्ही तात्पुरते बंद केले, रीस्टार्ट मारला, मग ११० जीबी निघाले. इथवर ठीक.

आता खरी गोची. डिस्कवरचा क्रम डावीकडून असा: ईएफआय (बूट होण्यासाठीची) १०० एमबी, एमएसआर १६ एमबी (ही विंडोजची राखीव, डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतच नाही, जीपार्टेड या लिनक्सच्या पार्टिशन टूलमध्ये दिसली), सी ३२५ जीबी, मग ही ११० जीबी रिकामी जागा, मग विंडोजची रिकव्हरी सातशेक एमबीची, आणि शेवटी उबुंटूचं ४० जीबीचं ईएक्सटी४ (लिनक्सच्या फाइल सिस्टमचं) पार्टिशन. म्हणजे जागा आहे पण दाराशी ती रिकव्हरी आडवी! लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणारं उबुंटू) जीपार्टेडमध्ये रिसाइझ-मूव्ह उघडलं तर उबुंटूच्या डावीकडे शून्य दाखवतं. शिवाय सी समोर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे कुलूप) असं येतंय, मी ते कधी चालू केलेलं नाही.

यूट्यूबवर एक जण रिकव्हरी उडवा म्हणतो, दुसरा डिस्क डायनॅमिक करा म्हणतो. मार्च एंड तोंडावर आलाय, टॅलीचा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलाय पण विंडोज परत टाकत बसायला वेळ नाही. जाणकारांनी सांगा, नक्की काय करू?

रात्रपाळी:

रिकव्हरी उडवा की, कोण वापरतं ती. विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडमध्ये ओव्हरराइड लावून डिलीट होते.

खटपट्या:

@रात्रपाळी, कोण वापरतं म्हणजे, विंडोज बूट होईना झालं की तेच एक दार असतं. आणि विंडोज १० वाल्यांना जानेवारी २०२४ चा केबी५०३४४४१ आठवत असेल, रिकव्हरीत २५० एमबी मोकळे नव्हते तेवढ्यावरून तो अपडेट एरर देत बसला होता, लोकांनी मुद्दाम पार्टिशन वाढवून घेतली तेव्हा.

@सातारी_कंदी, दादा, डायनॅमिक डिस्कला तर हातच लावू नका, तो विंडोजचा खाजगी मामला आहे, उबुंटूचं बूट होणं बंद पडेल आणि परत बेसिक करायला सगळं पुसावं लागेल.

तुम्हाला हवं ते जीपार्टेडमध्ये होतं, नाही असं नाही. रिकव्हरी डावीकडे सरकवायची, मग ईएक्सटी४ ची सुरुवात डावीकडे ओढायची. पण सुरुवात सरकली की अख्खा डेटा उचलून दुसरीकडे लिहावा लागतो, त्यात मधेच लाइट गेली आणि बॅटरी मेलेली असली तर विषय संपला. रिकव्हरी सरकवण्याआधी विंडोजमध्ये रीएजंटसी या कमांडने रिकव्हरी डिसेबल आणि नंतर इनेबल करावी लागते, कारण ती डिस्कवर नेमकी कुठून सुरू होते ते विंडोजने लिहून ठेवलेलं असतं.

मी तुमच्या जागी असतो तर काहीच हलवलं नसतं. ११० जीबीच्या जागेत नवीन ईएक्सटी४ करायचं आणि लेकीचं होम (तिच्या सगळ्या फाइलींचं फोल्डर) तिथे न्यायचं. फक्त आधी डीयू कमांड चालवून जागा कुठे गेलीये ते बघा. पायथनची एन्व्हायर्नमेंट आणि डेटासेट होममध्ये असतील तर काम झालं, डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायचं टूल) असेल तर त्याचा पसारा /var फोल्डरमध्ये असतो, मग होम हलवून उपयोग नाही.

लाइव्हवरून जुनं होम आरसिंक कमांडने कॉपी करा, परमिशन आणि सिमलिंक (शॉर्टकटसारखे दुवे) जसेच्या तसे राहतील असे ऑप्शन लावून. माउसने कॉपी-पेस्ट नको, आणि मधे एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटच्या) डिस्कवर तर अजिबात नको. मग जुन्या फोल्डरला होम_जुनं नाव द्या, रिकामं होम बनवा, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती फाइल) नव्या पार्टिशनची यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, टाका. ती ओळ चुकली तर उबुंटू इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन उभं राहतं, घाबरायचं नाही, लाइव्हवरून दुरुस्त होते.

बिटलॉकरचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं. त्या कुलपाची ४८ आकडी 'रिकव्हरी की' (किल्ली) अकाउंटमध्ये असते, ती आधी कागदावर उतरवून घ्या, नंतर नको. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता अर्धवट झोपणं) बंदच राहू द्या.

सातारी_कंदी:

मनापासून आभार! डीयू केलं, ४० पैकी २६ जीबी होममध्येच होते, डॉकर नाहीये. तुम्ही म्हणालात तसं लेकीनेच बसून केलं, मी फक्त की लिहून घेऊन शेजारी बसलो. उबुंटू चालू झालं, नवं होम ११० चं दिसतंय, विंडोजही नीट, की मागितली नाही. विंडोजचं घड्याळ मात्र साडेपाच तास मागे गेलंय. आणि दुसरं म्हणजे डीएफ कमांडमध्ये रूट (उबुंटूचं मूळ ४० चं पार्टिशन) अजूनही ९७ टक्के भरलेलं दाखवतंय, हे काय?

खटपट्या:

रूट भरलेलंच राहणार, होम_जुनं अजून तिथेच आहे ना. आठवडाभर वापरून बघा, ताईंना सगळं सापडतंय म्हटल्यावर ते डिलीट करा, २६ जीबी तिथेच मोकळे होतील.

घड्याळाचं म्हणजे उबुंटू हार्डवेअरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं आणि विंडोज तीच लोकल वेळ समजतं. उबुंटूमध्ये टाइमडेटसीटीएल कमांडने लोकल आरटीसी (हार्डवेअरचं घड्याळ) १ करा, म्हणजे तेही लोकल वेळच लिहील. व्हाउचरवर तारखा टाकायच्या आत केलेलं बरं, रात्री बारानंतर बसत असाल तर आदल्या दिवशीची पडेल.