मावळ्याच्या कमरेला काय: पट्टा, पटका, शेला की कमरबंद?

विचारणा
लेकाला शिवजयंतीच्या मिरवणुकीत मावळा व्हायचंय. भाड्याच्या पोशाखाबरोबर चार बोटं रुंद रेक्झिनचा पट्टा आला, पुढे सिंहाच्या तोंडाचं बक्कल. पोरगं मांडी घालायला गेलं आणि सिंह पोटात रुतला. हे घालून गड चढत असतील? आणि त्याला म्हणत काय असतील?

उत्तर
ते काढून टाका, ताई. मावळ्याच्या बाबतीत 'पट्टा' म्हटलं की आधी हत्यारच आठवतं, दांडपट्टा. चामडी पट्ट्यावरून माणसाचं नाव पडलं ते इंग्रजी अमदानीत: साहेबाच्या दारात पट्टा लावून उभा राहणारा शिपाई, म्हणून पट्टेवाला. तोच उत्तरेत चपराशी, कारण चपरास म्हणजे त्या पट्ट्यावरचा पितळी बिल्ला.

तुम्हाला हवा तो कमरबंद. 'कमर' फारसी, आपण मध्ये 'ब' घालून तिची कंबर केली. शेला हे कापडाचं नाव, कमरबंद हे कामाचं. खांद्यावर असेतो शेला, कमरेला आवळला की तोच कमरबंद.

दुसरं उत्तर
पण संग्रहालयात मुघल-दख्खनी चित्रांखाली याच कापडाला 'पटका' लिहितात ना?

उत्तर
लिहितात, हिंदीत ते बरोबरच आहे. आपल्याकडे मात्र पटका डोक्याला. दुकानात मागून बघा, फेटा हातात ठेवतील. 'कंबरपट्टा' म्हणालात तर बायकांचा दागिना. आणि मेखला म्हणजे संस्कृतातला कंबरपट्टाच. मुंज या शब्दाच्या मुळाशीही कमरेला बांधायची मुंज गवताची मेखलाच आहे. मावळ्याच्या कामाचं यातलं काही नाही.

शिवणकाम करणारीचं उत्तर
शब्द ठरला असेल तर कापडाचं सांगते. मुलासाठी दोन मीटर, मोठ्यासाठी तीन. सुती घ्या. साटीन दिसतं छान, पण गाठ धरत नाही. आमच्या नाटकात ऐन भाषणात सुटून पायात आलं होतं. जुन्या सुती साडीचा पदर असेल तर आडवा दोन भाग करा आणि साध्या कापडाच्या दोन्ही टोकांना एकेक जोडा. चित्रांत मधला भाग साधा आणि टोकं नक्षीची दिसतात, ते असं साधतं. लांबीत तीन घड्या घाला, म्हणजे वीतभर रुंदी राहील. मध्य पोटावर ठेवून टोकं मागे न्या, फिरवून पुढे आणा, गाठ मारा आणि टोकं पुढेच सोडा. मोठ्यांना वेढा जास्त लागतो. पुठ्ठ्याची कट्यार शेवटी, वेढ्यांच्या मधे खोचायची. आधी खोचली तर कापड आवळताना मोडते.

तलवार यात खोचू नका, ती लोंबकळते. तिला वेगळा पट्टा लागतो, पडदळे म्हणतात त्याला.

विचारणारी
काल दुकानात जाऊन ऐटीत 'शेला' मागितला. त्याने नवरदेवाचा काढला, मोतीचूर रंगाचा, झालरीसकट. 'कमरेला बांधायचं साधं सुती कापड' म्हटल्यावर म्हणाला, मग तसं सांगा ना! आईच्या नारायणपेठीचा पदर मिळालाय. पण कात्री चालवायला आईच तयार नाही. न कापता आख्खी साडीच घडी करून बांधली तर चालेल का?

शिवणकाम करणारीचं उत्तर
नाही चालणार, पोरगं ढोल दिसेल. आईंना विचारा, काठाची एखादी जुनी ओढणी आहे का.