शिवीला ५०० रुपये दंड: तुम्ही कोणत्या बाजूला?

गोदाकाठ: नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला: आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. कारण दिलं महिलांच्या सन्मानाचं. माझा पूर्ण पाठिंबा. मी शाळेत शिकवते. सातवीतल्या पोराचं पेन बाकाखाली घरंगळलं तरी तोंडातून आधी आई निघते. कुणावर राग नसतो, वाईट हेतूही नसतो. पण बांध कोरला म्हणून भांडतात दोन बाप्ये आणि उद्धार होतो घरात भाकरी थापणाऱ्या बाईचा. 'सवय आहे हो' म्हणून हे किती पिढ्या चालवून घ्यायचं?

खाडीपलीकडचा: माझा विरोध. आमच्या मालवणाकडे जुना दोस्त भेटला की 'मेल्या, खंय मेललस इतके दिस?' असंच विचारतात, आणि हे तर सौम्य झालं. नीट सभ्य बोलला तर काहीतरी बिनसलंय असं वाटतं. माझी आजी मासळी विकायची. घासाघीस लांबली की तिची जीभ सुटायची, पण कोळंबीचा वाटा लावताना वर दोन जास्त टाकायची. उलट ज्यांनी माझ्या आत्येकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली, ते सगळे 'आपण बसा, आपण चहा घ्या' असं बोलत होते. दंड करायचा तर त्यांना करा.

गोदाकाठ: आजींना कोण दंड करतंय? 'मेल्या' म्हटल्याने कुणाची आई मध्ये येत नाही. दोस्तांचा लाड दोघांपुरता. एसटी स्टँडवर शेजारी उभ्या असलेल्या पोरीला तो लाड कुठून कळणार? ती दप्तर छातीशी धरून चार पावलं लांब जाते, हे मी रोज बघते.

कोर्टाची पायरी: कायद्याचं सांगतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली सार्वजनिक ठिकाणी अश्लील बोलून इतरांना त्रास दिला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेब मालिकेच्या खटल्यात स्पष्ट केलं, की भाषा शिवराळ आहे एवढ्यावरून ती अश्लील ठरत नाही. न्यायालय इतकं जपून बोलतं, तिथे हात वर करून ठरलेला दंड वसूल कोण करणार? ज्याची भावकी मोठी तो देणार नाही. ऊसतोडीला आलेला मजूर निमूट देईल. शिव्या थांबाव्यात हे मलाही मान्य आहे, दंड मान्य नाही.

माहेरवाशीण: सन्मानाचं बोलताय तर बोरीचा बार विसरू नका. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांमधून ओढा जातो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बाया काठावर जमतात आणि वाद्यांच्या गजरात एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. माझं माहेर त्याच भागातलं. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी माझी चुलती त्या दिवशी पदर खोचून पुढे व्हायची. हात नाचवायची, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळायचं, आणि घरातले बाप्ये मागे गप्प उभे असायचे. वर्षातून एक दिवस तिला मोकळं बोलता यायचं. सरसकट बंदी आली तर तोंडावर हात पहिल्यांदा बायांच्याच ठेवला जाईल, याची मला खात्री आहे.

खाडीपलीकडचा: ताई, अगदी मनातलं बोललात.

भीमथडी: सगळी चर्चा आई-बहिणीभोवतीच चाललीय. आमच्या जातींची नावं लोक शिवी म्हणून वापरतात, त्याचं काय? कुणी कळकट कपडे घातले, कुणी आरडाओरडा केला, की लगेच एखाद्या जातीचं नाव. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात चारचौघांत जातीवरून शिवीगाळ करणं गुन्हा आहे. तरी पंगतीत, ऑफिसच्या डब्याच्या वेळी हे सर्रास चालतं आणि आई-बहिणीवरून चुकूनही न बोलणारी सभ्य माणसंच बोलतात. माझ्या मुलीला मैत्रिणीच्या घरी असं ऐकावं लागलं. बोलणाऱ्या काकू प्रेमाने तिला लाडू वाढत होत्या. तिने लाडू तसाच ठेवला आणि घरी येऊन मला विचारलं, 'बाबा, आपण काय केलंय?' म्हणून खाडीपलीकडचे, 'हेतू वाईट नव्हता' हे मला चालत नाही. आणि वकीलसाहेब, दंड गरिबावर पडेल हे खरं, पण शिवीही बहुतेक वेळा गरिबालाच पडते. सौंदाळ्यासारखा ठराव आमच्या गावात आला, तर त्यात जातीवाचक बोलण्याची ओळ आधी घाला. मग मी हात वर करीन.