शब्दचर्चा : टायरमधली ‘हवा’ आणि टायरमधला ‘दाब’

घाटवळण
नोएडात नोकरी करणारा आमचा एक कोल्हापूरकर मित्र आहे. त्याच्याकडे जुनी पोर्शे केमन ही स्पोर्ट्स कार आहे आणि थंडीत बुद्ध सर्किटवर, म्हणजे तिथल्या शर्यतीच्या ट्रॅकवर, ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) असला की तो ती घेऊन जातो. जानेवारीत मीही गेलो होतो. माझ्याकडे काम एकच, वही सांभाळायची. गाडी पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) आली की चारी टायरांना हवा मोजायचं गेज लावायचं आणि आकडे लिहायचे.

वही मराठीत ठेवायची असा हट्ट धरला आणि पहिल्याच रकान्याला अडलो. इंग्रजीत ‘कोल्ड प्रेशर’, ‘हॉट प्रेशर’ म्हणतात. मी ‘गार हवा’ आणि ‘गरम हवा’ लिहिलं. घरी आल्यावर बायकोने वही पाहिली आणि विचारलं, एसीचं दुकान काढताय का?

तर शब्द सुचवा. नुसतं ‘पीएसआय’ हे मोजायचं एकक लिहिलं की आमच्या घरात एमपीएससीचा निकाल लागल्यासारखं वाटतं, तेही नको.

खडूफळा
सरळ ‘दाब’ म्हणा की. रक्तदाब चालतो, मग टायरदाब का नाही? फक्त ‘दबाव’ नको. दबाव माणसावर येतो, सरकारवर येतो. टायरमध्ये दाब असतो.

पंपाशेजारी
रक्तदाब तरी कोण म्हणतं? बीपीच म्हणतात.
आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला विचारतो, “किती हवा मारू?” आपण म्हणतो, “पुढे बत्तीस, मागे तीस.” त्यात दाब कुठेच नाही आणि कुणाचं काही अडलेलंही नाही.

घाटवळण
ट्रॅकवर अडतं, तेच सांगतो. सकाळी बारा अंश तापमान. चारी टायर 28 वर लावले. पाच-सहा फेऱ्या मारून गाडी परत आली तेव्हा डावा पुढचा 37, उजवा पुढचा 35. मध्ये कुणी पंप लावलेला नाही. म्हणजे हवा होती तेवढीच आणि वाढला तो दाब. ‘हवा नऊने वाढली’ असं लिहिलं तर ते चूकच आहे ना? कुठून आली ती नऊची हवा?

(डाव्या बाजूचा आकडा जास्त का, हे मलाही विचारावं लागलं. बुद्ध सर्किटवर गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. उजवी वळणं जास्त, त्यामुळे भार डाव्या टायरांवर, म्हणून तेच जास्त तापतात.)

खडूफळा
हे छान झालं. म्हणजे मराठीत दोन शब्द आहेत आणि दोघांना वेगळं काम आहे. हवा म्हणजे भरलेला माल. दाब म्हणजे त्या मालाची त्या घडीची अवस्था.

शाळेतलं गणित लावून पाहतो. गेज दाखवतं तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, म्हणून आधी त्यात बाहेरच्या हवेचे 14.7 मिळवायचे. 28 चे झाले 42.7. बारा अंशांवरून टायर बहात्तर अंशांवर गेला असं धरा. केल्विनमध्ये 285 चे 345. दाब त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून गुणिले-भागिले करून 51.7 येतात, त्यातून 14.7 परत काढले की 37. तुमच्या डाव्या टायरचं उत्तर जुळलं! दहा अंशांमागे दीड पीएसआय हा ढोबळ हिशोब लक्षात ठेवा.

आणि एक गंमत. ‘टायरमधली हवा गेली’ म्हणतो तेव्हा गेज शून्य दाखवतं, पण आत बाहेरच्याइतकी हवा असतेच. गेलेली असते ती फक्त जास्तीची हवा, आणि तिच्याबरोबर जास्तीचा दाब. भूगोलात ‘हवेचा दाब’ म्हटलं की मात्र पाऊस येणार की नाही ते पाहायचं.

जुनीधाव
मधेच बोलतो, क्षमा असावी. टायरला आपल्याकडे शब्द होताच. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जो लोखंडी पाटा बसवतात ती ‘धाव’. माझ्या आजोळी लोहाराच्या दारात धाव बसवताना पाहिली आहे. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईतो तापवायची, तिघांनी सांडशीने उचलून चाकावर टाकायची, ठोकून बसवायची आणि लगेच वर पाणी. चर्र आवाज, सगळीकडे वाफ, आणि निवताना धाव अशी आवळते की आरे तुंब्यात घट्ट बसतात. चाकाचं सगळं गणित तापण्या-निवण्याचं, हे त्या लोहाराला ठाऊक होतं.

त्यावरूनच सुचवतो. ‘गार’ लिहू नका, ‘निवता’ लिहा. गार म्हणजे हाताला गार. तुम्हाला म्हणायचंय न चाललेला किंवा चालून परत निवलेला टायर.

घाटवळण
‘निवता दाब’ आणि ‘तापता दाब’! आवडलं. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीचा टायर गार कुठला असणार? उन्हाकडची बाजू न चालताच दोन पीएसआय वर असते. म्हणून तिथे सावलीत लावून मोजायचं.

पंपाशेजारी
मान्य. पण 37 झाल्यावर तुम्ही केलं काय? आम्ही तर घाटात गाडी तापली तरी हवेला हात लावत नाही.

घाटवळण
रस्त्यावर लावूच नये. गाडीच्या दारावरच्या पट्टीवरचे आकडे निवत्या टायरचेच असतात, तापल्यावर वाढणार हे त्यात धरलेलं असतं. तापलेल्या टायरमधून हवा सोडून आकडा जुळवला तर निवल्यावर टायर बसका राहतो.

ट्रॅकवर मात्र तापता आकडाच महत्त्वाचा. मित्राला त्याच्या टायरवर 34 च्या आसपास गाडी नीट वळते असा अनुभव आहे (त्याच्या गाडीचा, त्याच्या टायरचा, कुणी उतरवून घेऊ नका). 37 ला टायर मधोमध फुगतो, जमिनीला टेकणारा भाग कमी होतो आणि वळणात गाडीचं नाक बाहेर पळतं. म्हणून पिटमध्ये आल्या आल्या, टायर निवायच्या आत, प्रत्येकातून सोडून 34 केले. दाब फारच कमी असला तर उलटं, टायर बाजूवर लोळतो. ते कळायला त्याने टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा ओढल्या होत्या. फेऱ्या मारून आल्यावर रेघ कुठपर्यंत पुसली ते बघायचं. बाजूवरच्या छोट्या त्रिकोणाच्या खाली पुसली असेल तर दाब कमी पडतोय.

याला इंग्रजीत ‘ब्लीड’ करणं म्हणतात. मी ‘हवा सोडली’ लिहिलंय. इथे हवाच बरोबर ना?

खडूफळा
शंभर टक्के. इथे खरोखर माल कमी केलात. आता ‘हवा काढली’ लिहू नका, ते शाळेबाहेर सरांच्या सायकलीचं करतात.

उलटा हिशोबही सांगतो. 34 वर सोडलेला तो डावा टायर परत बारा अंशांवर निवला की 25.5 दाखवेल. घरी जायच्या आधी भरली होती ना?

घाटवळण
भरली, पण तिथे वेगळाच तमाशा. बाहेरच्या एका दुकानात कॉम्प्रेसरच्या टाकीची खालची तोटी त्या पोराने उघडली तर चहाच्या रंगाचं पाणी आलं, चांगलं तांब्याभर. मित्र म्हणाला, लोक नायट्रोजनच्या मागे लागतात त्याचं कारण हे पाणी. हवेत 78 टक्के नत्रवायू आधीच आहे, खरा फरक कोरडेपणाचा. आत पाणी गेलं की तापल्यावर त्याची वाफ होते आणि आकडा अंदाजाबाहेर चढतो.

पंपाशेजारी
नत्रवायू म्हणालात तर पंपावरचा पोरगा तुम्हाला शेतकी खात्यात पाठवेल. आणि ‘झडप’ही नको बरं. ती हृदयाला असते. टायरला ‘वॉल’च.

घाटवळण
झडप सुचली होती, कबूल करतो.

वहीचा फोटो मित्राला पाठवला. त्याने नवीन पानावर रकाने आखून परत फोटो टाकला. पहिल्यावर ‘निवता’, दुसऱ्यावर ‘हॉट’. म्हणाला, तापता लिहायला जागा पुरेना.