डॉकिंगचा सेन्सर खोलीत चालतो, गच्चीवर गंडतो

प्रश्न
शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे: कॅमेरा आणि चार एलईडी वापरून दोन खोक्यांमधलं अंतर मोजायचं. होस्टेलच्या खोलीत आकडे चोख येतात, गच्चीवर उन्हात नेलं की काहीच्या काही. इस्रोच्या स्पेडेक्सला, म्हणजे अवकाशात दोन उपग्रह एकमेकांना जोडण्याच्या (डॉकिंगच्या) मोहिमेला, एकच सेन्सर पुरला नसता का?

उत्तर १
नसता. लेझर रेंज फाइंडर ६ किमी ते २०० मीटर, रेंदेव्हू (जवळ जाण्यासाठीचा) सेन्सर २ किमी ते १० मीटर, प्रॉक्सिमिटी सेन्सर ३० मीटर ते ४० सेंमी. शेवटच्या ८ ते ४ सेंमीसाठी आणखी वेगळा. पहिल्या तिघांचे पल्ले मुद्दाम एकमेकांवर चढवलेत.

उत्तर २
गच्चीवर गंडलं हे फार चांगलं झालं, खरी चाचणी तिथूनच सुरू होते. ऑप्टिकल टेस्टिंगमध्ये मी बारा वर्षं आहे. आमचा एक सेन्सर डार्करूममध्ये, काळ्या पडद्यापुढे मिलिमीटरलाही चुकत नव्हता. मग समोरच्या सांगाड्यावर उपग्रहासारखं सोनेरी इन्सुलेशन चढवलं आणि बाजूने झेनॉनचा दिवा लावला. त्या आवरणाला सुरकुत्या असतात. एकेका सुरकुतीत एकेक सूर्य! चार ठिपक्यांचे अकरा झाले. रात्री साडेदहापर्यंत आम्ही ती सुरकुती हाताने दाबून बघत होतो.

तू एक फ्रेम एलईडी लावून घे, लगेच दुसरी विझवून, आणि वजाबाकी कर. ऊन दोन्हींत असतं, ते निघून जातं. एक्स्पोजर मात्र कमी ठेव; पिक्सेल पांढराफेक झाला की वजाबाकीत हाती काही लागत नाही.

आणि एका सेन्सरकडून दुसऱ्याकडे सूत्रं जातात, तो क्षण वेगळा तपास. २००५ मध्ये दुसऱ्या उपग्रहाजवळ आपोआप जाऊ पाहणाऱ्या नासाच्या डार्ट यानाचा जवळचा सेन्सर पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला यान एका ठरलेल्या बिंदूतून जायला हवं होतं. तो बिंदू हुकला, सेन्सरने अंतर दिलंच नाही आणि यान समोरच्या उपग्रहावर आदळलं. म्हणून ११ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्सचे उपग्रह ३ मीटरपर्यंत येऊन मागे फिरले, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. १६ तारखेला जोडले गेले.

प्रश्नकर्ता
ताई, केलं. टाकीची चकाकी गेली! पण एक्स्पोजर कमी केल्यावर सहा मीटरवरून एलईडी दिसेनात.

उत्तर २
दोन संच लाव. लांबून बघायला कडेचे प्रखर, जवळ आल्यावर मधले मंद. कडेचे जवळून चौकटीबाहेर जातात, तेव्हा दोन्ही संच दिसतील असा थोडा पट्टा राख.