मदत हवी आहे : गरुडाच्या पंजातली फांदी
नमस्कार मंडळी. लेकीला विज्ञान प्रदर्शनासाठी अपोलो ११ या चांद्रमोहिमेचा पॅच (कापडी बिल्ला) भरतकाम करून हवाय. १९६९ चा तो पॅच: चंद्रावर उतरणारा गरुड, पंजात शांततेची ऑलिव्हची फांदी, मागे पृथ्वी. अंतराळवीरांची नावं मुद्दाम गाळलेली, कारण राबलेले हात हजारो. फांदी आधी चोचीत होती म्हणे. पण उघड्या नख्या फारच हिंस्र दिसायला लागल्या, म्हणून ती पंजात दिली. आमच्या मशीनवाल्याने मात्र फांदीचा पार कढीपत्ता केलाय! तीन इंचांत इतकी बारीक पानं कोणत्या टाक्याने भरायची? नाशिकात एकच नग हाताने भरून देणारं कोणी आहे का? मेन रोड, सिडको, कुठेही येईन. लेक म्हणते, ऑलिव्हऐवजी पंचवटीची पाच वडाची पानं घेऊ. चालेल, की अर्थच बदलेल? रविवारपर्यंत हवंय.