चर्चा: शेफिल्डच्या स्नूकर वर्ल्ड चॅम्पियनशिपचा अंदाज बांधताना खेळाडूंचे आकडे किती कामाचे?

फ्रेममोजणी

वर्ल्ड चॅम्पियनशिप जवळ आली की स्पर्धापूर्व लेखांत तेच तीन आकडे फिरत राहतात: मोसमातली शतकं (एका खेळीत 100 किंवा जास्त गुण), जागतिक क्रमवारी आणि आमनेसामनेचा हिशोब. हे तिन्ही बाजूला ठेवावेत आणि फक्त फ्रेमच्या (सामन्यातल्या एकेका डावाच्या) निकालांवर अंदाज बांधावा, असं माझं ठाम मत आहे.

शतकांचं बघा. 2025 पर्यंत एका मोसमात शंभरावर शतकं तीनदाच झाली. नील रॉबर्टसनने 2013-14 मध्ये 103 केली, जड ट्रम्पने 2019-20 मध्ये 102 आणि 2024-25 मध्ये 107. तिन्ही वेळा विजेता दुसराच होता. क्रमवारी तर दोन वर्षांच्या बक्षीस रकमेची बेरीज आहे. विजेत्याला 5 लाख पौंड, उपविजेत्याला 2 लाख. म्हणजे क्रुसिबलमधली (शेफिल्डचं नाट्यगृह, जिथे ही स्पर्धा होते) एक चांगली मोहीम पुढची दोन वर्षं यादीत बसून राहते. जॅक जोन्स 2024 ला पात्रता फेरीतून येऊन अंतिम फेरीत पोहोचला आणि 2025 ला मानांकित म्हणून उतरला. पहिल्याच फेरीत झाओ शिनटाँगने त्याला 10-4 ने हरवलं.

करायचं काय, तर गेल्या बारा महिन्यांतले फ्रेम काढायचे, सामने नव्हे. 5-0 आणि 5-4 हे दोन्ही 'विजय' म्हणून सारखे मोजले तर निम्मी माहिती वाया जाते. शूट आउट ही स्पर्धा पूर्ण वगळा. दहा मिनिटांची एकच फ्रेम, पहिली पाच मिनिटं शॉटला 15 सेकंद आणि नंतर 10. हा खेळच निराळा. प्रतिस्पर्धी न आल्याने मिळालेले विजय निकालपत्रात कधीकधी 4-0 असे दिसतात, ते न चुकता काढून टाका. मग प्रतिस्पर्ध्यांचे तीन गट करा (क्रमवारी इथे फक्त गट पाडण्यापुरती): पहिले 16, 17 ते 64 आणि बाकीचे. प्रत्येक गटाविरुद्ध जिंकलेल्या फ्रेमची टक्केवारी वेगळी काढा आणि पहिल्या गटाला दुप्पट वजन द्या.

बहुतेक जण विसरतात ते पुढे आहे. ज्याचे फ्रेम कमी, त्याची टक्केवारी मधल्या बाजूला ओढून घ्यावी लागते. जिंकलेल्या फ्रेममध्ये 50 आणि एकूण फ्रेममध्ये 100 मिळवा. 110 पैकी 66 म्हणजे 60 टक्के दिसतात. दुरुस्तीनंतर 210 पैकी 116, म्हणजे 55. चार चांगल्या आठवड्यांवर कुणाला दावेदार ठरवण्याची चूक यातून टळते.

शेवटी फ्रेमच्या शक्यतेवरून सामन्याची शक्यता काढायची. दर फ्रेमला 55 टक्के शक्यता असलेला खेळाडू सात फ्रेमच्या सामन्यात (जो आधी 4 जिंकेल तो विजेता) सुमारे 61 टक्के वेळा जिंकतो, एकोणीसच्या सामन्यात (आधी 10) 67 आणि पस्तीसच्या अंतिम सामन्यात (आधी 18) 72. मोसमभर छोट्या सामन्यांत धडपडणारा चांगला खेळाडू शेफिल्डला वेगळा का दिसतो, त्याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

शेफिल्डवारी

तुमचं गणित बरोबर आहे, पण ते एका गृहीतकावर उभं आहे: प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपासून सुटी. लांब सामन्यात तसं होत नाही.

2023 चा उपांत्य सामना घ्या. लुका ब्रेसेल सी जियाहुईविरुद्ध 14-5 ने मागे होता. तिथून सलग 11 फ्रेम घेऊन 16-14 आणि शेवटी 17-15. आदल्या फेरीत रॉनी ओसुलिव्हानविरुद्ध 10-6 ने मागे असताना सलग सात घेऊन 13-10. त्या वर्षाआधी त्याने क्रुसिबलमध्ये मुख्य फेरीचा एकही सामना जिंकला नव्हता. तुमच्या पद्धतीने तो विजेता निघाला असता का?

सामना सत्रांमध्ये तुटतो हेही लक्षात घ्या. पहिली फेरी दोन सत्रांत, दुसरी आणि उपांत्यपूर्व तीन, उपांत्य आणि अंतिम चार. रात्री 5-3 ने मागे राहून झोपायला गेलेला खेळाडू आणि सकाळी पहिल्या शॉटला उभा राहिलेला खेळाडू यांच्यात जे घडतं, ते कुठल्याच रकान्यात येत नाही. शिवाय उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मध्ये पडदा लावून दोन टेबलं असतात. जागा अरुंद, पलीकडच्या टाळ्या ऐन शॉटच्या वेळी कानावर येतात. उपांत्य फेरीपासून एकच टेबल राहतं आणि खोली एकदम मोठी वाटू लागते. मधल्या फेऱ्यांत उत्तम खेळलेला माणूस तिथे हरवतो, किंवा उलट खुलतो.

बारा महिन्यांचा हिशोबही मला पटत नाही. 2012-13 च्या मोसमात ओसुलिव्हान वर्ल्ड चॅम्पियनशिपआधी स्पर्धात्मक सामना जेमतेम एकच खेळला होता. आला आणि विजेतेपद राखलं. तुमच्या तक्त्यात त्याची रेघसुद्धा कोरी असती.

फ्रेममोजणी

सलग 11 फ्रेमचं उदाहरण जोरदार आहे, पण त्यातून गृहीतक मोडत नाही. एका स्पर्धेत 31 सामने आणि सहाशेच्या आसपास फ्रेम होतात. नाणं उडवलं तरी इतक्या फ्रेममध्ये दहा-पंधरा वर्षांतून एकदा अशी ओळ दिसेल. आपल्याला ती लक्षात राहते, कारण ती उपांत्य फेरीत आली.

ब्रेसेलला मी पहिला दावेदार म्हटलं नसतं, हे खरं. पण अंदाजाने विजेत्याचं नाव सांगावं ही अपेक्षाच चुकीची आहे. पाचही फेऱ्यांत प्रत्येक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध फ्रेममागे 55 टक्के शक्यता असलेला खेळाडू स्पर्धा जिंकण्याची शक्यता 17 टक्के, म्हणजे सहातून एकदा. 60 टक्केवाल्याची 45. सगळ्यांपेक्षा सरस असलेला माणूसही निम्म्याहून जास्त वेळा हरणार.

ओसुलिव्हानबाबत मुद्दा मान्य. मोसमात शंभराहून कमी फ्रेम असतील, तर 50 टक्क्यांकडे ओढण्याऐवजी खेळाडूच्या आधीच्या तीन वर्षांच्या टक्केवारीकडे ओढावं. झाओलाही हेच लागू पडतं. 2025 ला तो वीस महिन्यांच्या बंदीनंतर हौशी खेळाडू म्हणून उतरला, पात्रता फेरीचे चार सामने जिंकून आला आणि विजेता झाला. क्रमवारीत त्याला जागाच नव्हती. पण 2021 ची यूके चॅम्पियनशिप आणि 2022 ची जर्मन मास्टर्स त्याच्या नावावर होती, त्यातली दुसरी तर अंतिम फेरीत 9-0 ने. जुनी पातळी धरली असती, तर आठ-दहा दावेदारांत तो नक्की आला असता.

बॉकलाइन

60 आणि 55 मधला फरक तुम्ही इतक्या विश्वासाने वापरता, पण तो तुम्हाला मोजता येतो का? 200 फ्रेमवर काढलेल्या टक्केवारीला वरखाली 7 टक्क्यांची चूक चिकटलेली असते. 400 फ्रेम घेतले तरी 5. म्हणजे तुमच्या '57 टक्के' खेळाडूची खरी शक्यता 52 असू शकते, नाहीतर 62. आणि तुम्हीच दाखवलंत की त्याच पट्ट्यात स्पर्धा जिंकण्याची शक्यता 17 वरून 45 वर जाते. या पायावर दावेदारांची क्रमवार यादी उभी करणं हा फसवा नेमकेपणा आहे.

तुमच्या शतकांच्या उदाहरणालाही माझा आक्षेप आहे. शंभरी गाठलेल्या तीन मोसमांत काय झालं? रॉबर्टसन उपांत्य फेरीत मार्क सेल्बीकडून 17-15 ने हरला, ट्रम्प 2020 ला उपांत्यपूर्व फेरीत कायरन विल्सनकडून आणि 2025 ला उपांत्य फेरीत मार्क विल्यम्सकडून 17-14 ने. तिन्ही वेळा शेवटच्या आठात, त्यातल्या दोनदा शेवटच्या चारात. 32 जणांच्या स्पर्धेत हा आकडा निरुपयोगी ठरवायला हे पुरावे उलट्या बाजूने बोलतात.

पण खरी त्रुटी पुढे आहे: तुम्ही फ्रेम कोण जिंकलं ते बघता, कसं जिंकलं ते बघत नाही. प्रसारणात दाखवतात त्या पॉटच्या (चेंडू भोकात घालण्याच्या) टक्केवारीवर विसंबू नका असं मीही म्हणेन. जो खेळाडू अवघड चेंडूला हातच न लावता सेफ्टी (समोरच्याला अडचणीत ठेवणारा बचावाचा शॉट) खेळतो त्याची टक्केवारी आपोआप चढते. जो लांबचा लाल बेधडक मारतो त्याची घसरते. सेफ्टीची टक्केवारी तर नोंद करणाऱ्याच्या मतावर असते. पांढरा बॉक कुशनला (सलामी जिथून होते त्या टोकाच्या कडेला) चिकटला, पण कोपऱ्यात एक लाल अर्धवट दिसत राहिला, तर ती सेफ्टी यशस्वी की फसलेली?

याच्याऐवजी निकालपत्रातूनच एक आकडा काढा. फ्रेमच्या गुणांसोबत 50 च्या वरचे ब्रेक (एका खेळीतले सलग गुण) छापलेले असतात. प्रतिस्पर्ध्याने आपल्याविरुद्ध केलेले 50 च्या वरचे ब्रेक मोजा आणि एकूण फ्रेमने भागा. मी याला 'गळती' म्हणते. समजा एकाची गळती 0.25 आहे आणि दुसऱ्याची 0.40, पण जिंकलेल्या फ्रेमची टक्केवारी दोघांचीही 56. दुसरा केवळ आपल्या ब्रेकच्या बळावर तरतोय. त्याची सलामी (फ्रेमचा पहिला शॉट) किंवा सेफ्टी टेबल उघडं टाकते. पहिल्याला हरवायला प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक फ्रेममध्ये दोन-तीनदा टेबलवर यावं लागतं. चार सत्रांच्या सामन्यात मी पहिल्याच्या बाजूने उभी राहीन.

शेफिल्डवारी

गळतीचा आकडा आवडला, पण तो प्रतिस्पर्ध्यावर फार अवलंबून आहे. ट्रम्पसोबत खेळलात की गळती वाढणारच. तुलना करायची तर दोघांनी एकाच गटाविरुद्ध खेळलेल्या फ्रेमची करावी.

शॉटच्या सरासरी वेळेचंही असंच आहे. ती एका खेळाडूची म्हणून छापतात, पण तिच्यावर समोरच्याच्या खेळाचाही परिणाम होतो. 2005 च्या उपांत्यपूर्व फेरीत ओसुलिव्हान 8-2 ने पुढे होता. पीटर एब्डनने खेळ इतका संथ केला की 12 गुणांच्या एका ब्रेकला पाच मिनिटांहून जास्त वेळ घेतला, आणि सामना 13-11 ने काढला. खेळाडूची मोसमाची सरासरी बघण्यापेक्षा संथ प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ती किती वाढते ते बघा. जिथे फार वाढते तिथे लय तुटते.

आणि निर्णायक फ्रेमचा हिशोब कुणीच काढला नाही. पहिल्या फेरीत 9-9 होतं तेव्हा दुसरं काय बघणार? 2025 ला गतविजेता कायरन विल्सन लेई पेईफानकडून 10-9 ने तिथेच पडला.

फ्रेममोजणी

निर्णायक फ्रेमचा आकडा सर्वांत धोकादायक. मोसमात एखादा बारा वेळा निर्णायक फ्रेमला पोहोचला आणि नऊ जिंकला, तर लेखात तो 'दडपण झेलणारा' होतो. नुसत्या नाण्यावरही बारापैकी नऊ किंवा जास्त येण्याची शक्यता 7 टक्के आहे. बत्तीस खेळाडूंत असे दोन-तीन जण योगायोगाने निघणारच, आणि नेमके तेच लेखाच्या मथळ्यात जातात.

'क्रुसिबलचा शाप'ही त्यातलाच. 1977 पासून, टेरी ग्रिफिथ्सपासून कायरन विल्सनपर्यंत, पहिल्यांदा विजेते झालेले 20 जण. पुढच्या वर्षी एकालाही तिथे विजेतेपद राखता आलं नाही. ऐकायला थरारक. पण प्रत्येकाची शक्यता 10 टक्के धरली, तरी वीसपैकी कुणालाच न जमण्याची शक्यता 12 टक्के निघते.

बॉकलाइन, चुकीच्या पट्ट्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. यादीऐवजी गट करावेत: पहिला विजेतेपदाची शक्यता 8 ते 20 टक्के असलेल्यांचा, दुसरा 3 ते 8, उरलेले तिसऱ्यात. गटाच्या आत क्रम लावू नये. तिथे गळती बघून मत द्यावं.

तपकिरी_चेंडू

एक गोष्ट राहून गेली: सोडत. पात्रता फेरी संपेपर्यंत कोण कुणाशी खेळणार ते कळतच नाही, त्यामुळे महिनाभर आधी लिहिलेला अंदाज अर्धाच असतो. आणि पात्रतेतून आलेल्याला 'कमकुवत' धरू नका. तो लांब पल्ल्याचे सामने जिंकून आलेला असतो, मानांकित खेळाडू मात्र कदाचित दोन आठवडे टेबलवर एकटाच सराव करत असतो. झाओने शेवटचा पात्रता सामना एलियट स्लेसरविरुद्ध 10-8 ने काढला होता. तो तिथेच घरी गेला असता.

छोट्या सामन्यांच्या स्पर्धेत हे सगळं आणखी सैल होतं. 2013 च्या दिल्लीतल्या इंडियन ओपनमध्ये मुंबईचा आदित्य मेहता अंतिम फेरीत पोहोचला, क्रमवारी स्पर्धेत तिथवर जाणारा पहिला भारतीय. तिथे डिंग जुनहुईने 5-0 केलं. अशा स्पर्धेचा अंदाज लिहिताना गट दोनच करावेत.

बॉकलाइन

माझा सल्ला असा की अंदाज एकदाच लिहून मोकळं होऊ नये. पहिल्या फेरीच्या पहिल्या सत्रात 9 फ्रेम होतात, त्यानंतर पुन्हा मांडावा. 55 टक्केवाला 5-4 ने मागे असेल, तर त्याला उरलेल्या दहात सहा हवेत आणि शक्यता अजून बरोबर 50 च्या आसपास आहे; घाबरण्यासारखं काही नाही. तोच 6-3 ने मागे असेल तर दहात सात हवेत, शक्यता 27 वर येते. म्हणजे सत्रातली ती एक नववी फ्रेम 23 टक्क्यांची आहे. फ्रेममोजणी, तुमच्या तक्त्यात तिला आणि 2-0 असताना झालेल्या तिसऱ्या फ्रेमला सारखंच वजन आहे. शेफिल्डवारी म्हणतात तसं दडपणाचं काही मोजायचंच असेल, तर निर्णायक फ्रेमच्या मूठभर नोंदींत शोधू नका. प्रत्येक सत्राच्या शेवटच्या फ्रेम वेगळ्या काढा, त्यांचा निकाल आणि गळती बघा. तीन मोसमांचे लांब सामने घेतले, तर निर्णायक फ्रेमपेक्षा त्या कितीतरी जास्त भरतील.